त्या दिवशी टक्कर झालीच नव्हती
रत्नागिरीकडे गणपतीत आरतीनंतर पडवीत गप्पा रंगल्या की अजूनही गोष्ट निघते, की १० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकी संशोधन संस्थेच्या यंत्रात प्रोटॉनच्या टकरीतून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाणार होती आणि आपण थोडक्यात वाचलो. वस्तुस्थिती अशी, की १९५४मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या भूमिगत बोगद्यात त्या दिवशी प्रोटॉनचे झोत केवळ फिरवले गेले. पहिली टक्कर नोव्हेंबर २००९मध्ये झाली. शिवाय त्या टकरींहून कितीतरी अधिक ऊर्जेचे विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, अब्जावधी वर्षे आपल्या वातावरणावर आदळत आले आहेत, अगदी भाट्याच्या खाडीवरच्या आकाशातही, आणि पृथ्वी शाबूत आहे. त्या संध्याकाळी हातातल्या झांजा खाली ठेवून ‘उद्या शाळा असेल ना?’ असे विचारणारा भाचा मला आठवतो, म्हणून हा खुलासा. पुढे याच टकरींतून २०१२मध्ये हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडला.