राजकीय राड्यात जीव वाचवण्याची सरकारची जबाबदारी

मोर्चा, बंद, प्रचारफेरी नाहीतर पुतळ्यावरनं वाद, कारण काहीही असो, दोन गट रस्त्यावर समोरासमोर आले आणि दगड सुटायला लागले की त्या गर्दीतल्या प्रत्येक माणसाचा जीव वाचवायची कायदेशीर जबाबदारी सरकारची असते. यात मोर्चातला कार्यकर्ता येतो, विरोधी गटातला येतो, बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस शिपाई येतो, आणि यातल्या कशाशीच घेणंदेणं नसलेला भाजीवाला, रिक्षावाला, अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परगावचा भाविक असे सगळेच येतात. आपल्याकडं दंगल झाली की चर्चा "सुरुवात कुणी केली" यावरच फिरत राहते, तो प्रश्न गुन्हेगार ठरवायला लागतोच, पण जीव वाचवायची जबाबदारी त्याच्या उत्तरावर अवलंबून नसते. दगड मारणाऱ्याला अटक झाली म्हणून सरकार मोकळं होत नाही, सरकारला वेगळं विचारलं जातं की तुम्हाला आधी काय माहीत होतं आणि तुम्ही काय केलं.

घटनेचं कलम २१ म्हणतं की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. वाचताना वाटतं की हे फक्त सरकारनं स्वतः मारू नये एवढ्यापुरतं आहे. पण कोर्टांनी हळूहळू त्याचा अर्थ वाढवत नेला आणि आता तिसऱ्याच कुणी जीव घेऊ नये म्हणून धावून जाणं हे पण सरकारचं काम धरलं जातं. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे दोन्ही विषय राज्याच्या यादीत पहिल्या दोन नंबरला आहेत, त्यामुळं कोल्हापुरात राडा झाला तर पहिलं उत्तर मुंबईतल्या गृहखात्याला द्यावं लागतं. केंद्रावर पण कलम ३५५ प्रमाणं अंतर्गत अशांततेपासून राज्याला सांभाळायचं कर्तव्य आहे, पण रोजच्या राड्यात त्याचा संबंध येत नाही.

कोल्हापुरात हे चालतं कसं

कोल्हापूर शहराला पोलीस आयुक्तालय नाही. हे माहीत असणं महत्त्वाचं आहे, कारण पुण्यात जे जमावबंदीचे अधिकार पोलीस आयुक्त वापरतात ते इथं जिल्हाधिकाऱ्याकडं जिल्हादंडाधिकारी म्हणून असतात, आणि फौज असते पोलीस अधीक्षकांकडं. म्हणजे कागद एका ऑफिसातनं निघतो आणि माणसं दुसऱ्या ऑफिसातनं निघतात, त्यामुळं दोघांचं एकमेकांशी वेळेवर बोलणं झालं नाही तर मधल्या तासाभरात चौकात काय व्हायचं ते होऊन जातं. पेपरात "जिल्ह्यात बंदी आदेश लागू" अशी बातमी येते ती बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ ची असते. त्यात शस्त्रं, काठ्या, दगड बाळगायला बंदी घालता येते आणि ३७(३) खाली जमाव, मिरवणूक थांबवता येते, पण ही जमावाची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. दुसरा कागद म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जमावबंदीचं कलम १४४, जे १ जुलै २०२४ पासनं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालं.

तिसरं हत्यार आहे नोटीस, म्हणजे पोलिसांनी आधीच दिलेली लेखी ताकीद. कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून "१४९ ची नोटीस आली" असंच असतं, नव्या संहितेत ते कलम १६८ आहे. या कलमाकडं नीट बघायला पाहिजे, कारण त्यात पोलिसानं दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी मधे पडावं एवढंच म्हटलेलं नाही, आपल्या कुवतीप्रमाणं तो गुन्हा रोखलाच पाहिजे अशी सक्ती आहे. नोटीस देऊन फाईलला लावली की काम झालं असं समजणं चूक आहे. नोटीस म्हणजे उलट पोलिसांना धोका माहीत होता याचा लेखी पुरावाच असतो आणि पुढं कोर्टात तोच कागद सरकारच्या विरोधात उभा राहू शकतो.

बाकी मग नेहमीची तयारी. शांतता कमिटीच्या मीटिंगा, तालीम-मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना बोलावून घेणं, रूट मार्च, राज्य राखीव दलाच्या तुकड्या मागवणं, दोन्ही गटांना वेगळी वेळ आणि वेगळा रूट देणं. दसरा चौकातनं नाहीतर बिंदू चौकातनं निघून जिल्हाधिकारी ऑफिसवर जाणारा मोर्चा हे कोल्हापूरकरांच्या सवयीचं दृश्य आहे आणि त्यातले शेकड्यानं मोर्चे शांततेत पार पडतात, त्याचं श्रेय असल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या तयारीलाच जातं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या तालमींच्या जुन्याजाणत्यांचा शब्द पोरं ऐकतात, तो शब्द वेळेवर मिळवणं हे पण मला तरी पोलिसांच्या कामाचाच भाग वाटतो.

दगड सुटल्यानंतर बळ वापरायचं ते किती यावर कायदा स्पष्ट आहे. नव्या संहितेच्या कलम १४८ खाली कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रमुख, तो नसेल तर निदान फौजदार दर्जाचा अधिकारी, बेकायदा जमावाला पांगायचा हुकूम देऊ शकतो. लष्कर बोलवायची वेळ आलीच तर नव्या संहितेच्याच कलम १४९ प्रमाणं (नोटिशीचं जुनं १४९ वेगळं) कमीत कमी बळ आणि माणसांची, मालमत्तेची कमीत कमी हानी हे बंधन आहे. महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोडच्या आसपासच्या बोळात अश्रुधूर सोडायचा तर लोकांना पळायला वाट ठेवली का हा प्रश्न जीवनमरणाचा होतो, कारण दोन्हीकडनं कोंडलेला जमाव पांगत नाही, चेंगरतो. रस्त्यावर असहाय पडलेल्या माणसाला शक्य ती सगळी मदत करणं हे पोलीस अधिनियमाच्या कलम ६६ नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. आणि जखमी सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेला काय किंवा खासगी दवाखान्यात नेला काय, पोलीस केस आहे म्हणून उपचार अडवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं १९८९ च्या परमानंद कटारा निकालात ते सांगून ठेवलंय.

जिल्ह्यातल्या काही घटना

गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये कोल्हापूर संस्थानात जाळपोळ झाली, ब्राह्मणांची घरं जळली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पण त्यात जळला. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत दंगल पेटली, विधानसभा निवडणूक तोंडावर होती, आणि तिचे पडसाद सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत आले. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जाळले गेले, तिथं नुकसान मुख्यतः मालमत्तेचं होतं, आणि २०१५ च्या शेवटी टोल गेला. कोरेगाव भीमाच्या हिंसाचारानंतर ३ जानेवारी २०१८ ला महाराष्ट्र बंद होता, त्या दिवशी कोल्हापुरात दगडफेक, गाड्यांची तोडफोड आणि लगेच त्याला उत्तर म्हणून दुसरा जमाव असा प्रकार झाला. एका मोर्चाला प्रतिमोर्चा उभा राहतो तो क्षण सगळ्यात धोक्याचा असतो आणि पोलिसांचं मनुष्यबळ दोघांच्या मधे वेळेत पोचलं का यावरच मग सगळं ठरतं.

७ जून २०२३ ची घटना बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर असेल. आदल्या दिवशी, शिवराज्याभिषेक दिनी, काही पोरांच्या मोबाईल स्टेटसवरनं वाद झाला, हिंदुत्ववादी संघटनांनी बंदची हाक दिली आणि सकाळी शिवाजी चौकात मोठा जमाव जमला. नंतर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला, इंटरनेट बंद केलं. नेट बंद करण्यानं अफवा थांबतात असं प्रशासन सांगतं, पण घरात अडकलेल्या माणसाला नातेवाईकांना लोकेशन पाठवता येत नाही, कुठला रस्ता सुरक्षित आहे ते कळत नाही, म्हणजे जीव वाचवायचं एक साधन पण त्याच बटणानं बंद होतं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात असे आदेश प्रसिद्ध करावेत, ते बेमुदत नसावेत, गरजेपुरतेच असावेत असं म्हटलंय.

त्यानंतरची विशाळगडाची घटना या विषयासाठी जास्त महत्त्वाची आहे. १४ जुलै २०२४ ला गडावरची अतिक्रमणं काढा या मागणीसाठी लोक विशाळगडाकडं निघाले आणि शाहूवाडी तालुक्यातल्या गडाखालच्या गजापूर गावात मुसलमानवाडीत घरं, गाड्या आणि मशीद यांची तोडफोड झाली. गजापूरच्या त्या घरांचा गडावरच्या अतिक्रमणाशी संबंध नव्हता. पोलिसांनी नंतर गुन्हे दाखल केले, अटका केल्या, आणि १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं गडावरच्या अतिक्रमणांच्या भर पावसाळ्यात चाललेल्या पाडापाडीवरनं सरकारला फैलावर घेऊन ती थांबवली. पोलिसांनी बघ्याची भूमिका घेतल्याचा आरोप तेव्हा झाला. मुद्दा असा की हे आंदोलन अचानक उगवलेलं नव्हतं, तारीख आधी जाहीर होती, रस्ता एकच होता, आणि त्या रस्त्यावर वस्ती होती. अशा ठिकाणी बंदोबस्त गडाच्या पायथ्याला किती होता हे सांगून भागत नाही, वस्तीच्या दारात किती होता ते सांगावं लागतं. त्या दिवशी बायकापोरं घरं सोडून पळाली, त्यांच्या बाजूनं हा प्रश्न विचारणं हे कुठल्या पक्षाचं काम नाही, या जिल्ह्यातल्या प्रत्येकाचं आहे असं मनापासनं वाटतं.

कोर्टांनी काय म्हटलंय

जुना बचाव असा होता की राज्य सार्वभौम आहे, पोलिसांच्या चुकीसाठी त्याच्याकडनं भरपाई मागता येत नाही, १९६५ चा कस्तुरीलाल निकाल त्यासाठी पुढं केला जायचा. १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालानं हा बचाव मूलभूत हक्कांच्या बाबतीत चालत नाही असं सांगितलं, ते प्रकरण कोठडीतल्या मृत्यूचं होतं. दंगलीच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये भजन कौर प्रकरणात १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबाला साडेतीन लाख रुपये द्यायला लावले आणि जमावापासनं नागरिकाचा जीव सांभाळणं हे राज्याचं कर्तव्य धरलं.

महाराष्ट्रासाठी सगळ्यात जवळचा निकाल म्हणजे सुप्रीम कोर्टाचा ४ नोव्हेंबर २०२२ चा, १९९२-९३ च्या मुंबई दंगलींबद्दलचा. त्या दंगलींत ९०० माणसं गेली, श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला, आणि बेपत्ता झालेल्यांच्या काही कुटुंबांना भरपाई द्या हा आदेश यायला २०२२ उजाडलं. कोर्टानं तिथं स्पष्ट म्हटलं की कायदा-सुव्यवस्था राखण्यात आणि लोकांच्या हक्कांचं रक्षण करण्यात सरकार कमी पडलं म्हणून पीडितांना भरपाईचा हक्क आहे. निकाल चांगला आहे पण जवळजवळ तीस वर्षं म्हणजे एका पिढीचं आयुष्य गेलं, आणि हा उशीर पण जबाबदारी टाळण्याचाच प्रकार मानला पाहिजे.

पोलिसांनी स्वतःच जास्त बळ वापरलं तर काय, याचं उदाहरण दिल्लीचं रामलीला मैदान प्रकरण, ४ जून २०११ च्या रात्री झोपलेल्या लोकांवर कारवाई झाली आणि २०१२ च्या निकालात कोर्टानं मृताच्या वारसाला ५ लाख, गंभीर जखमींना ५० हजार आणि किरकोळ जखमींना २५ हजार द्यायला सांगितले, पण आयोजकांचाही हलगर्जीपणा धरून २५ टक्के वाटा त्यांच्यावर टाकला. आयोजकांनी हे लक्षात ठेवावं, माईक हातात घेणाऱ्याची पण जबाबदारी असते. जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालात झुंडशाही रोखायला प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसलेला नोडल अधिकारी नेमायचा आदेश आहे.

जगभरात हाच विचार वेगवेगळ्या वाटेनं आलाय. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं १९८८ मध्ये ऑस्ट्रियाच्या एका प्रकरणात म्हटलं की मोर्चेकऱ्यांना विरोधकांच्या हल्ल्याची भीती न बाळगता मोर्चा काढता आला पाहिजे. आणि १९९८ च्या ओस्मान प्रकरणात कसोटी घालून दिली की जिवाला खरा आणि तातडीचा धोका आहे हे अधिकाऱ्यांना माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं का, आणि असेल तर हातात होतं तेवढं त्यांनी केलं का. म्हणजे सरकारनं प्रत्येक जीव वाचवलाच पाहिजे अशी हमी कुणी मागत नाही, ते शक्यही नाही. आपला देश १९७९ पासनं नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे आणि त्यातलं कलम ६ जगण्याच्या हक्काचं आहे.

झाल्यानंतर काय करता येतं

राडा शमल्यावर सरकारची जबाबदारी संपत नाही, निःपक्ष तपास आणि भरपाई हा तिचाच पुढचा भाग आहे. पोलीस गोळीबारात मृत्यू झाला तर त्याच ठाण्यानं तपास करू नये, तो सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करावा हे पोलीस चकमकींबद्दलच्या २०१४ च्या पीयूसीएल निकालातलं तत्त्व इथंही लागू व्हायला पाहिजे. पोलिसांबद्दल तक्रार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, राज्य मानवी हक्क आयोग आहे. हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करायची असेल तर आता मुंबईला जायची गरज नाही, उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासनं सुरू झालंय आणि त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे येतात, शाहूवाडीतल्या एखाद्या वाडीतल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

भरपाईसाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ आहे, जुन्या संहितेतलं ३५७अ. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. ठाण्याच्या प्रमुखाच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर तातडीची मोफत वैद्यकीय मदत पण देता येते. गर्दीत दगड कुणाचा लागला ते बऱ्याचदा कधीच कळत नाही, आणि बऱ्याच कुटुंबांचा समज असतो की आरोपी सापडला नाही म्हणजे आपल्याला काही मिळणार नाही, पण मारणारा ओळखला गेला नाही आणि खटला उभाच राहिला नाही तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना हा अर्ज करता येतो.