टिश्यू कागदाचे कोलाज

टिश्यू कागदाचे कोलाज : अतिशय पातळ, अर्धपारदर्शक रंगीत कागदाचे कातरलेले किंवा हाताने फाडलेले तुकडे एकमेकांवर चिकटवून, त्यांना शाई, ॲक्रिलिक रंग, तेलखडू, दोरा, कापड, वर्तमानपत्राची कात्रणे यांची जोड देत केलेले मिश्रमाध्यमातील चित्र. आधुनिक चित्रकलेत कोलाज 1912 च्या सुमारास पाब्लो पिकासो व झॉर्झ ब्राक यांच्या कामातून रुजले. त्यांनी वापरलेले वर्तमानपत्र वा भिंतीचा छापील कागद खालचे सारे झाकून टाकतो. टिश्यू कागदाखालचा थर मात्र दिसत राहतो, आणि या माध्यमाचे खरे सामर्थ्य त्यातच आहे. निळ्यावर पिवळा ठेवला की हिरवा दिसतो, एकाच रंगाचे दोन-तीन थर दिले की तो गडद होत जातो. थर वाढवून चित्र फिके करता येत नसल्याने पांढरा भाग जलरंगाप्रमाणे आरंभीच राखून ठेवावा लागतो.

ठाणे व नवी मुंबईत शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला बहुतेकांची या कागदाशी ओळख होते. आकाशकंदिलासाठी वापरला जाणारा पतंगाचा कागद त्याच्यासारखाच पातळ, पण अधिक कडक व चकचकीत असतो. कडा रेखीव हव्या असतील तेथे तो जास्त उपयोगी पडतो.

या परिसराला साजेसा विषय म्हणजे ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, अर्थात रोहित पक्षी. खाडीच्या पश्चिम काठाला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्ष्याच्या अंगासाठी फिकट गुलाबी कागद कातरीने न कापता फाडावा. फाटलेल्या कडेला सुटणारे तंतू पिसांचा मऊपणा आपोआप आणतात. एक थर पाठीला पुरतो, तर पंखाशी तीन थर एकमेकांवर आले की तेथील गुलाबी रंग खोल होतो. पंखांच्या काळ्या कडा व चोचीचे टोक शाईने काढावे, तेही खालचा भाग पूर्ण वाळल्यावरच. पायांसाठी गुलाबी दोरा चिकटवणे रेषेपेक्षा सरस ठरते. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलासाठी खाली वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर करडा टिश्यू लावला, तर अक्षरांचे पुसट ठसे चिखलाच्या पोतासारखे भासतात.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलमध्ये जवळजवळ तितकेच पाणी मिसळतात. हे मिश्रण तुकड्याच्या खाली व वर रुंद, मऊ ब्रशने मध्यापासून कडेकडे लावावे. ओला टिश्यू फार लवकर फाटतो, म्हणून त्याच जागी पुन्हापुन्हा ब्रश फिरवू नये. पडलेल्या सुरकुत्या आकाशात खटकतात, पाण्यात मात्र लाटांसारख्या शोभतात. स्वस्त कागदाचा रंग ओलाव्याने सुटून शेजारी पसरतो. नवशिके त्याला दोष समजतात, पण संध्याकाळचे आभाळ दाखवण्यासाठी हा ओघळ मुद्दाम योजण्याजोगा आहे. पाया म्हणून माउंटबोर्ड, म्हणजे चित्रासाठीचा जाड पुठ्ठा, उत्तम. साधा ड्रॉइंग पेपर वाळताना आकसून वाकतो.

मैद्याची खळही चालते, परंतु पावसाळ्यातील दमट हवेत तिला बुरशी व कसर लागते. ते टाळण्यासाठी बुकबाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या कामात टाळलेच पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये चित्र वाळायला बराच अधिक वेळ लागतो, आणि घाईने पुढचा थर दिल्यास खालचा सरकतो.

बाजारातील रंगीत टिश्यूचे रंग उन्हाने उडतात, गुलाबी व जांभळे तर विशेष लवकर. बालपुस्तकांचे चित्रकार एरिक कार्ल (1929–2021) टिश्यू कागद स्वतः ॲक्रिलिकने रंगवून घेत व मग कातरत. टिकाऊपणासाठी ही रीत सर्वांत भरवशाची आहे, शिवाय ब्रशच्या फटकाऱ्यांचा पोतही कागदात उतरतो. चौकट करताना चित्र व काच यांमध्ये माउंटची पट्टी घालून थोडी जागा सोडावी, कारण दमट दिवसांत फेव्हिकॉलचा वरचा थर पुन्हा चिकट होतो आणि काचेला धरलेला टिश्यू न फाटता सोडवता येत नाही.