स्ट्रॉन्शियमचा रॉड नेताय? आधी एवढं वाचा

कोल्हापुरातल्या शिरोलीचा असो नाहीतर उद्यमनगरातला, नवा फौंड्रीवाला काउंटरवर आला की पहिला प्रश्न ठरलेला, "हे किरणोत्सर्गी असतंय न्हवं?" नाही ओ. अणुस्फोटात तयार होतं ते स्ट्रॉन्शियम-९०, ते वेगळं. खाणीतनं निघतंय त्याच्यातनं किरणं-बिरणं काही येत नाहीत.

खनिजं मुख्य दोन. सेलेस्टाइन म्हणजे सल्फेट, बऱ्याचदा फिकट आकाशी, नावच आकाशावरनं पडलंय. आमच्या टेबलावर एक खडा ठेवलाय, उचलून बघा, दिसतो काचेसारखा पण पाण्याच्या जवळजवळ चौपट जड. दुसरं स्ट्रॉन्शियनाइट, म्हणजे कार्बोनेट, अॅसिडचा थेंब टाकला की फसफसतं, सेलेस्टाइन ढिम्म. स्कॉटलंडच्या स्ट्रॉन्शियन गावच्या शिशाच्या खाणीतलं हे खनिज, म्हणून धातूलाही गावाचंच नाव. धातू वेगळा काढला हम्फ्री डेव्हीनं, १८०८ ला.

शुद्ध धातू मऊ, कापला की चांदीसारखा, पण हवेत लगेच पिवळा पडतो आणि पाण्यात टाकला तर हायड्रोजन सोडतो, म्हणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवायला लागतो. आता एवढी कटकट भट्टीपाशी कोण करणार, म्हणून आम्ही अॅल्युमिनियममध्ये १०% मिसळलेला रॉड देतो. (दिवाळीच्या फटाक्यातला लाल रंगही ह्याच्याच क्षारांचा बरं का.)

आता कामाचं. अॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या कास्टिंगमध्ये सिलिकॉन सुयांसारखं जमतं आणि तिथंच पीस तडकतो. चिमूटभर स्ट्रॉन्शियम गेलं की त्याच सुयांचे बारीक तंतू होतात. पीस मोडून बघा, आधी जाडाभरडा दाणा दिसायचा तिथं रेशमासारखी बारीक पोत दिसंल.

हिशोब सोपाय, ०.०२% धरलं तर १०० किलो मेटलला २० ग्रॅम स्ट्रॉन्शियम, आणि रॉडमध्ये ते १०%च, म्हणून २०० ग्रॅम रॉड. काट्यावर मोजूनच घाला, अंदाजानं नको, मागं एकानं "जास्त घातलं तर चांगलंच की" म्हणून डबल घातला आणि कास्टिंगला भोकंच भोकं. ह्याच कामाला सोडियमही घालतात, त्याच्यापेक्षा हे जास्त टिकतं, पण मेटल तासन्‌तास भट्टीत ठेवलं की ह्याचाही असर उतरतोच. आणि डिगॅसिंगच्या, म्हणजे मेटलमधला गॅस काढायच्या, क्लोरीनवाल्या गोळ्या रॉडच्या आधीच मारा, नंतर मारल्या तर स्ट्रॉन्शियम त्या मळीबरोबर वर काढतात, पैसे पाण्यात.

बीडवाल्यांनी, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम करणाऱ्यांनी, हा रॉड नेऊ नये, तुमच्यासाठी स्ट्रॉन्शियमवालं फेरोसिलिकॉन वेगळं येतं, चिल (पटकन गार होऊन कडक, पांढरं पडलेलं बीड) कमी करायला.

पावसाळ्यात रॉडला ओल लागली असंल तर आधी तापवून वाळवा, ओला रॉड मेटलमध्ये घातला की उडतंय.