निबंध-संस्करण

निबंध-संस्करण : अभ्यासपूर्ण निबंधाचा कच्चा खर्डा जाणकाराच्या अभिप्रायाच्या आधारे पुन्हा लिहून त्याची मांडणी, युक्तिवाद व पुरावा पक्का करण्याची प्रक्रिया. शुद्धलेखनाची तपासणी हे तिचे शेवटचे व गौण अंग होय. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलतात, अनुभवी लेखक युक्तिवादच नव्याने रचतात, असे लेखनाध्यापनाच्या अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांच्या १९८० मधील अभ्यासात दिसून आले.

छपाईपूर्वी त्रयस्थाकडून परीक्षण करून घेण्याच्या प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये लंडनला सुरू केलेल्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकापासून ती मोजण्याचा प्रघात आहे, परंतु तेथील निवड बरीचशी संपादकाच्या हाती होती. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेने १७५२ मध्ये नेमलेली समिती मतदानाने निर्णय घेई, लेखकाला सूचना करणे तिच्याकडे नव्हते. लेखी अहवालांची कल्पना विल्यम ह्यूएल यांनी १८३१ च्या सुमारास मांडली. जॉर्ज एअरी यांच्या खगोलशास्त्रीय निबंधावर ह्यूएल व जॉन लबक यांनी मिळून अहवाल द्यायचा होता. लबक यांना दोष दाखवायचे होते, ह्यूएल यांना निबंधाचे महत्त्व सांगायचे होते, दोघांचे जमेना. अभिप्राय नेमका कशासाठी, हा वाद येथे स्पष्टपणे उभा राहिलेला दिसतो, म्हणून उगम याच टप्प्यावर मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

संस्करणाचे कोकणाशी संबंधित ठळक उदाहरण चिपळूण परिसरात जन्मलेल्या पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांचे. ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या आवृत्तीसाठी योजलेली प्रस्तावना वाढत जाऊन तिचा धर्मशास्त्राचा पाच खंडी इतिहास झाला (१९३०–६२). पहिल्या खंडाच्या पूर्वार्धाची सुधारित आवृत्ती १९६८ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या ८८ व्या वर्षाच्या सुमारास निघाली. अर्थात हे अभिप्रायापेक्षा स्वयंप्रेरित संस्करण होय.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. या विद्यापीठांतील प्रबंधलेखनात मार्गदर्शकाचे शेरे व बहिःस्थ परीक्षकाचा अहवाल हे अभिप्रायाचे रूढ प्रकार आहेत.

प्रक्रियेचे स्वरूप हापूसमधील साका (आंब्याचा गर आतून पांढरट व स्पंजासारखा होण्याचा दोष) या विषयावरील निबंधावरून लक्षात येईल. ‘साका जमिनीच्या उष्णतेमुळे होतो’ असे खर्ड्यात ठाम विधान असल्यास जाणकार परीक्षक भाषेला हात लावण्याआधी विचारतो : तपासलेली फळे चौदा आणे (पूर्ण पक्वतेच्या थोडी आधी) तयार असताना काढली, की झाडावर पिकू दिली? फळात असतानाच बाठ्यातील बी रुजण्याच्या तयारीला लागते व त्यातून गर बिघडतो, या अलीकडील मताचे काय? त्यानंतरच्या खर्ड्यात उष्णतेचा मुद्दा निष्कर्षातून पूर्वपक्षात (आधी मांडून मग तपासायच्या मतात) जातो. मात्र झाडाखाली आच्छादन केल्यास साका घटतो हे निरीक्षण उष्णतेच्या बाजूचे असल्याने तो सोडूनही देता येत नाही. दोन्ही मते कोठे जुळतात हे दाखवणारा नवा परिच्छेद लिहावा लागतो आणि शीर्षकातील ‘कारण’ हा शब्द बहुधा ‘कारणे’ होतो.