जलसंजीवनी

जलसंजीवनी : जुलाब, उलट्या किंवा पटकी (कॉलरा) यांमुळे शरीरातून निघून गेलेले पाणी व क्षार तोंडावाटे भरून काढण्यासाठी द्राक्षशर्करा, मीठ आणि आणखी दोन क्षार ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवून केलेले द्रावण, तसेच त्यावर आधारलेली उपचारपद्धती. बोलण्यात तिला ‘ओआरएसची पुडी’ म्हणतात. ‘क्षारसंजीवनी’ हे नावही ऐकू येते. या उपचाराचे रुग्णांवरील निर्णायक प्रयोग ढाका आणि कलकत्ता या दोन शहरांत व त्यांच्या परिसरात १९६० ते १९७५ या काळात झाले. दक्षिण आशियात जन्माला येऊन जगभर गेलेल्या आधुनिक उपचारांत तिचे स्थान बहुधा पहिले आहे.

जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत, ही गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे, कारण तिच्या प्रसारातल्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात. जुलाबांत माणूस दगावतो तो जंतूंमुळे थेट नव्हे, तर पाणी आणि क्षार संपल्यामुळे. जलसंजीवनी ही तूट भरत राहते आणि आजार आपल्या गतीने तीन-चार दिवसांत ओसरतो. पण घरच्यांना औषधाकडून हवे असते ते जुलाब बंद होणे. पुडी पाजूनही मूल दिवसातून आठ वेळा शी करते आहे, हे पाहणाऱ्या आईला हे औषध लागू पडत नाही असे वाटले तर त्यात नवल नाही.

पटकीची भीती या प्रदेशात जुनी आहे. महाराष्ट्रात ती मरीआई व जरीमरी या देवतांच्या रूपाने वावरली. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा आणि पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपार ढकलायचा, अशी रीत होती. तीव्र पटकीत तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी तासाला लिटरभरही जाऊ शकते. सकाळी धडधाकट असलेला माणूस डोळे खोल जाऊन, हातापायांना गोळे येऊन संध्याकाळपर्यंत मरू शकतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू रोग्यांमध्ये दाखवून दिला, तरी तो नेमके काय करतो हे कळायला आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. आतड्याचे अस्तर सोलून निघते आणि तिथून पाणी गळते, असा समज दीर्घकाळ होता. कलकत्त्यातील शंभूनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ मध्ये दाखवले, की हे काम जंतूने सोडलेल्या विषाचे आहे. अस्तर शाबूत असते. त्यातील पेशी या विषामुळे क्षार व पाणी बाहेर टाकत राहतात, एवढेच.

अस्तर शाबूत असते या गोष्टीवरच पुढचा सारा उपचार उभा आहे. आतड्याच्या पेशींत द्राक्षशर्करा आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारे एक दार असते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. पटकीचे विष या दाराला हात लावत नाही. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजून जे साधत नाही, ते त्यात बेताची साखर घातली की साधते. बेताची हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. साखर फार झाली तर तीच आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

शरीरशास्त्राचा हा उलगडा होण्याआधी, १९५३ मध्ये, कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या १८६ रुग्णांवर तोंडावाटे केलेल्या उपचारांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. एक लिटर पाण्यात चार ग्रॅम मीठ व पंचवीस ग्रॅम द्राक्षशर्करा हे त्यांचे प्रमाण आजच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. सोबत ते उलटी थांबवणारे औषध आणि पानओव्याच्या पानांचा रस देत. रुग्णांनी किती पाणी गमावले आणि किती राखले याचे मोजमाप त्यांनी केले नव्हते, म्हणून शास्त्रज्ञांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. ही उपेक्षा पद्धतीतील उणिवेमुळे किती आणि लेखक कलकत्त्याचा एक डॉक्टर होता म्हणून किती, हा प्रश्न मात्र उरतोच.

मोजमाप झाले ते ढाक्यात. तत्कालीन पूर्व पाकिस्तानात १९६० मध्ये पटकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच १९७८ पासून आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. तिचे संचालक रॉबर्ट फिलिप्स यांनी त्याआधी मनिलात तोंडावाटे द्रावण देऊन पाहिले होते. परंतु त्या प्रयोगात काही रुग्ण दगावल्याने ते सावध झाले होते. त्यांच्या हाताखालील डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या विशीतल्या दोन डॉक्टरांनी चूक हेरली : किती पाजायचे हे अंदाजाने ठरवून चालणार नाही. रुग्णाच्या खाटेला मध्यभागी भोक पाडून खाली बादली ठेवायची, दर काही तासांनी तिच्यातील पाणी मोजायचे आणि जेवढे गेले तेवढे परत पाजायचे. रफिकुल इस्लाम व माजिद मुल्ला यांच्यासह त्यांनी २९ रुग्णांवर केलेला हा प्रयोग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज या पद्धतीने सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटली. त्याच सुमारास कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातही असेच निष्कर्ष निघत होते.

हे सगळे रुग्णालयातले, शिकलेल्या परिचारिकांच्या देखरेखीखालचे काम होते. खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेश मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि सीमेवरील छावण्यांत पटकीची साथ पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील रुग्णालयात पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या; त्या भरून रुग्ण जमिनीवर, एकमेकांना खेटून, जुलाब आणि उलट्यांच्या ओलीत पडले होते. कलकत्त्याच्या केंद्रातील बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस जूनअखेर तिथे पोहोचले, तेव्हा सुई लावण्यासाठी त्यांना त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. मग कलकत्त्यात केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत मीठ, खाण्याचा सोडा व द्राक्षशर्करा तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरण्याचे आणि गरम इस्त्रीने त्यांची तोंडे चिकटवण्याचे काम सुरू झाले. प्रमाण होते लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा आणि बावीस ग्रॅम द्राक्षशर्करा. पोटॅशियम वगळले होते, कारण द्रावण साधे व स्वस्त ठेवायचे होते. बनगावला ते तोटी लावलेल्या पिंपांत कालवून ठेवत आणि रुग्णाचा भाऊ, आई, शेजारी, जो कोणी सोबत असेल तो पेला भरून नेई. लोकांना सलाईनवर विश्वास होता, म्हणून याचे नाव ‘ओरल सलाईन’ असे सांगितले जाई. संपूर्ण मोहिमेतील हे बहुधा सर्वांत चतुर पाऊल होते.

सुमारे आठ आठवड्यांत जवळपास ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. आधी शंभरात तीसपर्यंत मृत्यू होत होते; आता ते ३.६ वर आले. नातेवाइकांच्या हातून दिलेला उपचार डॉक्टरांच्या उपचाराइतका विश्वसनीय असू शकतो, हे वैद्यकीय जगाला सहजी पटले नाही. महालनबीस यांचा लेख काही नियतकालिकांनी परत पाठवला आणि तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेतील धीमान बरुआ यांनी मात्र बनगावला जाऊन हे काम प्रत्यक्ष पाहिले आणि पुढे त्याचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये संघटनेने अतिसार नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत होऊ शकेल असे लिहिले. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

पुडी कारखान्यात तयार होते, तिला पैसे पडतात आणि ती खेड्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. या अडचणीवर बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात निराळा मार्ग काढला. तिच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आईसमोर बसत आणि अर्धा शेर पाण्यात तीन बोटांची एक चिमूट मीठ व एक मूठ गूळ, एवढेच करून दाखवत. पाणी आईच्या घरातल्याच भांड्यात मोजायचे आणि त्यावर खूण करून द्यायची. महिनाभराने दुसरा माणूस काही घरांत जाऊन तपासणी करी : आईला मुद्दे आठवतात का, तिने केलेल्या द्रावणात मीठ बरोबर आहे का. नमुने प्रयोगशाळेत जात आणि कार्यकर्तीचा पगार आईला काय आले यावर ठरे. तरीही सुरुवातीला निराशाच पदरी पडली. आयांना प्रमाण पाठ होते, पण मूल आजारी पडल्यावर ते वापरणाऱ्या शंभरात सहाच निघाल्या. शोध घेता कळले, की कार्यकर्त्या स्वतःच आजारी पडल्या तर गोळ्या घेत. मग त्यांना ढाक्याच्या रुग्णालयात नेऊन उपचार दाखवण्यात आला, शिकवताना स्वतः घोटभर पिण्यास सांगण्यात आले, आणि घरातल्या निर्णयाचा हक्क पुरुषांकडे असतो हे ओळखून मशिदी व बाजारांतही माहिती देण्यात आली. दशकाच्या अखेरीस संस्था सव्वा कोटीच्या घरात कुटुंबांपर्यंत पोहोचली होती.

द्रावणाचे सूत्रही बदलत गेले. जुन्या सूत्रातील सोडा दमट हवेत टिकत नसे, म्हणून १९८० च्या दशकात त्याजागी सायट्रेट आले. २००२ मध्ये साखर व मीठ दोन्ही कमी करण्यात आले. आजच्या पुडीत एका लिटरसाठी द्राक्षशर्करा १३.५, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ व पोटॅशियम क्लोराइड १.५ अशी एकूण २०.५ ग्रॅम पूड असते. या सौम्य द्रावणाने मुलांना सलाईन लावण्याची वेळ जवळपास एकतृतीयांशाने कमी येते, असे चाचण्यांत दिसले. साखरेऐवजी शिजवलेल्या तांदळाचे पीठ वापरलेली संजीवनी पटकीत अधिक गुणकारी ठरते, हे ढाक्यातील संशोधनातून पुढे आले. आजाऱ्याला मीठ घातलेली पेज पाजणाऱ्या कोकणातल्या आजीला याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. २००४ पासून पुडीसोबत जस्ताच्या गोळ्याही सुचवल्या जातात : सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहानांना १०, दहा ते चौदा दिवस. यामागच्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी एक दिल्लीत झाली होती.

वापरताना सर्वांत जास्त घडणारी चूक प्रमाणाची असते. लिटरची पुडी पेल्यात चिमटी-चिमटीने टाकली, की द्रावण दाट होऊन अपाय होतो. ती एकाच वेळी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामी करावी लागते आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे लागते. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घेतात. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्रावण चमच्याने द्यायचे असते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवावे लागते, जरी ‘पोटाला विश्रांती’ देण्याचा सल्ला अजून घरोघरी मिळतो. पोटाच्या कातडीला काढलेला चिमटा सावकाश खाली बसणे, डोळे खोल जाणे, तान्ह्या मुलाची टाळू बसणे ही जलशुष्कतेची लक्षणे होत. मूल ग्लानीत असेल किंवा पिऊ शकत नसेल तर मात्र सलाईनला पर्याय नाही.

१९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले दरवर्षी अतिसाराने मरत, असा अंदाज होता; आज ही संख्या साडेचार लाखांच्या आसपास आहे. या घसरणीत स्वच्छ पाणी, शौचालये, गोवराची व रोटाव्हायरसची लस यांचाही वाटा आहे. रोटाव्हायरसच्या दोन भारतीय लसींपैकी एक पुण्यात तयार होते. भारतात अतिसार झालेल्या मुलांपैकी ज्यांना ओआरएस मिळाले त्यांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार २००५-०६ मध्ये सुमारे २६ टक्के, २०१५-१६ मध्ये ५१ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ६१ टक्के होते. आशाताईंनी घरोघरी पुड्या वाटण्याचे पंधरवडे २०१४ पासून सुरू झाले. बाजारातील काही गोड पेयांनी मात्र ओआरएस ही अक्षरे वेष्टनावर मिरवली. त्यांत साखर कितीतरी जास्त असते. बालरोगतज्ज्ञांच्या तक्रारींनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली.

पुडी स्वस्त असून, दुकानात असून आणि डॉक्टरांना तिची माहिती असूनही ती का लिहून दिली जात नाही, हा अलीकडच्या संशोधनाचा विषय आहे. कर्नाटक व बिहारमधील २५३ मध्यम आकाराच्या शहरांत दोन हजारांहून अधिक खाजगी वैद्यकांकडे संशोधकांनी सोंग घेतलेले ‘पालक’ पाठवले. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांवरील नफा किंवा पुड्यांचा तुटवडा ही कारणे किरकोळ ठरली. मुख्य कारण असे निघाले, की पालकांना ओआरएस नकोच असते, त्यांना गोळी किंवा प्रतिजैविक हवे असते, असे वैद्यक गृहीत धरतात. ज्या ‘पालकां’नी आपल्याला ओआरएस चालेल असे सूचित केले, त्यांना ते लिहून मिळण्याचे प्रमाण शंभरात २७ ने (म्हणजे २७ टक्के-बिंदूंनी) अधिक होते.