अनियतकालिके, मराठी

साधारणतः १९५५ ते १९७५ या काळात, मुख्यतः मुंबईतील तरुण लेखक-कवींनी पदरमोड करून, प्रकाशनसंस्थेच्या आधाराशिवाय काढलेली अल्पजीवी वाङ्मयीन प्रकाशने. असो, वाचा, येरू, फक्त, अबकडई ही त्यांतील परिचित नावे.

आरंभाविषयी मतभेद आहेत. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मित्रांचे सायक्लोस्टाइल केलेले शब्द हे अनियतकालिक १९५४ च्या सुमारास निघाले. काही अभ्यासक १९५५ हे वर्ष देतात. चित्रे (जन्म १९३८) तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. १९६० मध्ये ते अध्यापनासाठी इथिओपियाला गेले आणि शब्दही साधारण त्याच वेळी थांबले. दुसऱ्या मतानुसार खरा प्रारंभ अशोक शहाणे यांच्या असोपासून (१९६३ च्या सुमारास) धरावा. शब्द हा मित्रांचा काव्यव्यवहार होता, तर असोमागे प्रस्थापित वाङ्मयाशी उघड भांडण होते. समकालीन मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकणारा शहाणे यांचा गाजलेला लेखही १९६३ चाच. तथापि संपादकाच्या पसंतीची वाट न पाहता आपले लेखन आपणच छापणे ही कसोटी मानली, तर शब्दचे अग्रस्थान नाकारणे अवघड आहे.

प्रेरणांची चर्चाही याच कालनिश्चितीवर अवलंबून आहे. बंडखोर अमेरिकन बीट कवी व बंगालमधील ‘भुकेली पिढी’ ही कवींची चळवळ यांचा प्रभाव अनेकांनी पुढे केला आहे. बीट कवी अॅलन गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात होते व शहाणे यांच्याशी त्यांचा परिचय होता. शहाणे बंगालीचे जाणकार. परंतु गिन्सबर्ग यांचा पहिला गाजलेला संग्रह १९५६ चा आणि भुकेल्या पिढीचा जाहीरनामा १९६१ चा. शब्दचा आरंभ या दोहोंच्या आधीचा असल्याने तेथे मर्ढेकर व संतकाव्य यांच्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. कोलटकर व चित्रे या दोघांनीही पुढे तुकारामांचे अभंग इंग्रजीत आणले.

सायक्लोस्टाइलसाठी टंकयंत्राची फीत बाजूला करून मेणकागदावर (स्टेन्सिलवर) अक्षरे उमटवीत. ती स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवून प्रती काढीत. चूक झाल्यास त्या जागी द्रव लावून वाळल्यावर पुन्हा अक्षर मारावे लागे. रेखाटने टोकदार लेखणीने थेट कोरता येत. शाई शोषणारा खरबरीत कागद लागे व तो स्वस्तही असे, हे सोयीचेच होते. स्टेन्सिल फाटेपर्यंत काही शे प्रती निघत. या अंकांचा ओबडधोबडपणा ही वाङ्मयीन भूमिका म्हणून सांगितली जाते. तिचा बराचसा भाग यंत्राचा आहे.

लेखनावर यांपैकी क्वचितच कोणाचा चरितार्थ चाले. कोलटकर जाहिरातक्षेत्रात आरेखनकार होते. शहाणे पत्रकारितेत होते. औरंगाबादेत भालचंद्र नेमाडे यांनी वाचाचे संपादन केले. अबकडई चंद्रकांत खोत यांचे. येरूशी निगडित राजा ढाले यांनी १९६९ मध्ये सत्यकथा या प्रस्थापित वाङ्मयीन मासिकाच्या अंकाची होळी केली; १९७२ मध्ये नामदेव ढसाळ व ज. वि. पवार यांच्यासमवेत ते दलित पँथरच्या संस्थापकांत होते.

पुढे शहाणे यांनी ‘प्रास प्रकाशन’ काढले. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये तेथूनच आला, तसाच भिजकी वही (२००३) हा, ज्याला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला.