नव्या अल्बमवरील जाणती टीका: पार्श्वभूमी

मुरलेल्या रॉक बँडच्या नव्या अल्बमचे दोष नेमकेपणाने दाखवणाऱ्या श्रोत्याला नागपुरातील रॉकप्रेमींमध्ये आज जो मान मिळतो, त्याचे मूळ 2008 सालच्या एका वादात आहे. सीताबर्डीतून कॅसेट आणण्याच्या काळात मते दोनच असत: ‘पहिल्यासारखी मजा राहिली नाही’, किंवा आपल्या बँडविरुद्ध चकार शब्द ऐकून न घेणे. 2003 च्या अल्बममध्ये मेटॅलिका या अमेरिकी बँडने गिटारचे सोलो (एकट्या गिटारने वाजवलेले तुकडे) वगळले आणि स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला, तेव्हाही बहुतेकांनी फक्त नाके मुरडली.

सप्टेंबर 2008 मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला. सोलो परतले होते, गाणी दमदार होती. पण ऐकताना कान लवकर थकत. अल्बम फार ‘लाउड’ आहे अशी तक्रार झाली, आणि या शब्दाने मोठा घोळ घातला. मोठा आवाज बटण फिरवून कमी करता येतो, मग तक्रार कसली, असे उत्तर मिळे. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रणाला अंतिम रूप देताना हळू आणि जोरकस आवाजातले अंतर इतके दाबले गेले होते की ड्रमचा ठोका गिटारच्या वर उठतच नव्हता, आणि ध्वनिलहरींची टोके छाटली गेल्याने येणारी करकर आवाज कमी केला तरी जात नव्हती. व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याच गाण्यांची आवृत्ती कमी दाबलेली होती. श्रोत्यांनी दोन्ही ताडून पाहिल्या. संगणकावर एकीचा आलेख विटेसारखा सपाट, तर दुसरीचा चढउतारांचा दिसला, आणि अल्बमचे मिक्सिंग पुन्हा करावे या मागणीवर जगभरातून हजारोंनी सह्या केल्या. जोर हाच या संगीताचा प्राण, हे समर्थकांचे म्हणणे मला पटत नाही. शेजारी शांतता नसेल, तर जोर जाणवणार कसा? सह्या करणारे बँडचे वैरी नव्हते, त्यांनी तो अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला होता. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरील टीका म्हणतो, त्या जुन्या अर्थाच्या जवळ जाणारे हे काम होते.

30 ऑक्टोबर 2011 च्या मेटॅलिकाच्या बंगळुरूतील कार्यक्रमानंतर येथे भक्ती वाढली, तरी ही सवय टिकली. बँडच्या 2023 च्या ‘72 सीझन्स’ या अल्बममध्ये 12 गाणी आणि सुमारे 77 मिनिटे आहेत. त्यातील काही रिफ (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुना) गरजेपेक्षा जास्त फिरतात, असा आक्षेप एका मित्राने गाणे थांबवून, जागा दाखवून घेतला. 11 मिनिटांहून लांब असलेले शेवटचे गाणे मात्र त्याने या आक्षेपातून वगळले, कारण मध्येच ते जवळजवळ एकट्या बास गिटारवर उतरते आणि मग गिटार परततात.